खान्देशात दोन अनोळखी जीव अडकवायचे आहेत, जागा सुचवा

एरंडोलची_लेक

नमस्कार मंडळी. आमच्या हौशी ग्रुपने यंदा ठरवलंय की रडकी एकांकिका करायची नाही. प्रेमाची हवी आणि हसवणारी हवी. लिहिण्याचं काम माझ्या गळ्यात पडलंय. साचा जुनाच घेतलाय: तो आणि ती एकमेकांना ओळखत नाहीत, वाईट हवामानामुळे एका छपराखाली अडकतात, आधी भांडतात आणि पुढचं सगळ्यांना माहीत असतं. साचा गुळगुळीत झालाय हे कुणी सांगू नये, मला कळतं.

प्रश्न जागेचा आहे. असली गोष्ट लिहायची म्हटली की लेखक गाडी काढून सरळ कोकणात नाहीतर लोणावळ्याला जातो. मला ती खान्देशातच घडवायची आहे. जळगाव, धुळे, नंदुरबार, कुठेही चालेल. रंगमंचावर एकच जागा दिसेल, पात्रं सहाच्या आत, आणि प्रेक्षक आपल्याकडचेच, म्हणजे भूगोलात थापा मारता येणार नाहीत. सध्या कागदावर एवढंच आहे: कन्नड घाट, रात्र, एसटी, दरड.

चाळीसगावचा_चहा

ताई, कन्नड घाट नको. ऑगस्ट २०२१ च्या शेवटी एका रात्रीत तितूर आणि डोंगरी नद्यांना पूर आला, चाळीसगावात घरंदुकानं पाण्यात गेली, गुरं वाहून गेली आणि त्याच पावसात घाटात दरडी कोसळून गाड्या अडकल्या. आमच्या भागातल्या प्रेक्षकाला घाट आणि दरड एकत्र ऐकलं की तेच आठवतं. पुढची दहा मिनिटं तो हसत नाही.

दुसरं म्हणजे दरड पडली की घाट सकाळी लगेच उघडत नाही. तुझ्या गोष्टीला एक रात्र पुरते. जास्त दिवस अडकवलंस तर अंघोळ, दात घासणं, बदलायचे कपडे, सगळं आलं. प्रेम त्याआधीच विझेल.

आणि पात्रांत ट्रकवाला असेल तर काढ. २०२३ पासून कोर्टाच्या आदेशाने त्या घाटात जड वाहनांना बंदी आहे.

एरंडोलची_लेक

ट्रकवाला होता. गेला बिचारा.

नवापूरकर

मग आमचं नवापूर स्टेशन घ्या. हे असं फुकटात मिळणारं नेपथ्य दुसरीकडे नाही.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी: सुरत–जळगाव मार्गावर हे स्टेशन महाराष्ट्र आणि गुजरातच्या सीमेवर उभं आहे, म्हणजे अक्षरशः सीमेवर. तिकीट खिडकी महाराष्ट्रात, स्टेशन मास्तरांची खोली गुजरातेत. फलाटावर एक बाक आहे, अर्धा या राज्यात, अर्धा त्या राज्यात, मध्ये रेघ. लोक त्यावर बसून फोटो काढतात. घोषणा मराठी, गुजराती, हिंदी, इंग्रजी अशा चार भाषांत. पावसाळ्यात रुळांवर पाणी आलं की गाडी पुढेही जात नाही आणि मागेही.

आता ती बाकाच्या महाराष्ट्राकडच्या टोकाला, तो गुजरातच्या टोकाला. मध्ये दोघांच्या पिशव्या. गळकं छप्पर मात्र तिच्या बाजूला. ती सरकायला लागते, तो म्हणतो, "ताई, परराज्यात अतिक्रमण." झाला पहिला प्रवेश.

शेवभाजी_जहाल

हसून हसून पुरेवाट. पण पहिल्याच वाक्यात ताई म्हटलं तर प्रेमकथा तिथेच संपली की हो.

नवापूरकर

आपल्याकडे अनोळखी बाईला दुसरं काय म्हणतात? मॅडम म्हणावं तर तो सर्व्हेला आलेला वाटेल.

जुना_पडदा

नवापूरकर, कल्पना फर्मास आहे. त्यातली रेघ का चालते ते सांगतो, कारण धागाकर्तीला तेच उपयोगी पडेल.

१९३४ चा 'इट हॅपन्ड वन नाइट' हा चित्रपट या सगळ्या प्रकाराचा खापरपणजोबा. त्यात पावसाने पूल वाहून जातो, बस थांबते आणि भांडणाऱ्या दोघांना एका खोलीत रात्र काढावी लागते. मध्ये दोरी बांधून घोंगडी टांगतात. पाऊस दोन-चार मिनिटं दिसतो, घोंगडी शेवटपर्यंत आठवते. हवामान दोघांना आत ढकलतं आणि त्याचं काम तिथे संपतं. पुढचं नाटक त्या खोलीत दोघांना काय वाटून घ्यावं लागतं त्यावर उभं राहतं. घोंगडी असो, बाक असो, एकुलता कप असो. म्हणून "धो धो पाऊस" हे पान-पानभर लिहिलेलं मला दिसलं की मी संहिता मिटतो.

त्याच्याही कितीतरी आधी आपल्याकडे शूद्रकाचं मृच्छकटिक. पाचव्या अंकाचं नावच 'दुर्दिन'. वादळ, विजा, काळोख, आणि वसंतसेना नटूनथटून चारुदत्ताकडे निघालेली. रात्री परतायचा प्रश्नच येत नाही, पाऊस आहे ना! मात्र ती अडकलेली नाही, स्वतःच्या पायाने गेली आहे. पावसाने तिला फक्त सबब दिली. माझ्या मते यातच अस्सल गंमत आहे. नुसतं अडकवलेल्या माणसांचं प्रेम मला खरं वाटत नाही. लिफ्ट बंद पडली म्हणून कोणी लिफ्टमनच्या प्रेमात पडत नाही.

अर्धं_तिकीट

एसटी ठेवणार असाल तर पहिलं भांडण माझ्याकडून घ्या. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट. तो पूर्ण पैसे भरून उभा, ती अर्ध्या पैशात खिडकीशी बसलेली, आणि शेजारी पंच्याहत्तरी ओलांडलेले आजोबा. त्यांना प्रवास फुकट, म्हणून "घरी बसून तरी काय करायचं" म्हणत निघालेले. सगळ्यात जास्त तक्रार आजोबांची.

भालोदची_वहिनी

तुम्ही सगळे घाट आणि पूल शोधताय. मला वाटतं अडचण हवामानाची नाहीच. अडचण "अनोळखी"ची आहे.

खान्देशात दोन माणसं एका छपराखाली आली की दहा मिनिटांत काय होतं ते तुम्हाला माहीत नाही का?

"कोणत्या गावचे, भाऊ?"
"धुळ्याचा."
"धुळ्यातलेच की राहायला धुळ्याला?"
"मूळ गाव कापडणे."
"कापडण्यात कोणाकडचे?"

झालं. मग कापडण्यातली गल्ली, गल्लीतलं घर, त्या घरातली भालोदला दिलेली आत्या, आत्याच्या नणंदेचं लग्न, त्या लग्नात वाढलेली वरण-बट्टी. अकराव्या मिनिटाला हिरो हिरॉइनच्या मामाच्या साडूचा पुतण्या निघतो. बाराव्या मिनिटाला कोणीतरी घरी फोन लावतं, "पोरगा बरा दिसतो." तुमच्या साच्यात जे शेवटी व्हायला हवं ते आपल्याकडे पाऊस थांबायच्या आत होऊन जातं, आणि तेही बाकीच्यांच्या तोंडून. त्या दोघांना काही बोलायचं उरतच नाही.

मुंबईच्या लोकांना अनोळखी राहणं जमतं, आपल्याला ते जन्मात जमलेलं नाही. तेव्हा आधी हे सांग की ते दोघं तासभर तरी अनोळखी कसे राहणार. घाट मग बघू.

चाळीसगावचा_चहा

+१. वहिनींनी नाडी पकडली.

पाचोऱ्याचा_पक्या

सोपं आहे, हिरो पुण्याचा करा.

भालोदची_वहिनी

नको रे. नेहमी तोच पुण्याचा पोरगा आणि नेहमी तिला "गावात काय ठेवलंय" विचारणार. आणि आपण शेवटी त्याला भरीत खाऊ घालून सुधारणार. कंटाळा आला त्याचा.

तिसरी_घंटा

दोघांनी एकमेकांचा बायोडाटा न बघताच नाकारलेला असतो आणि हे दोघांनाही माहीत नसतं. कसं वाटतं?

शेवभाजी_जहाल

संध्याकाळी सात ते दहा कुठलंही चॅनेल लावा, सापडेल.

वाळवण_गच्चीवरचं

मी जरा उलटं बोलते. पाऊस सोडाच तुम्ही.

वाईट हवामान म्हणजे पाऊस हे कोणी ठरवलं? पाऊस बघायला आपल्याकडे लोक तोरणमाळला जातात. आपलं वाईट हवामान म्हणजे ऊन. भुसावळ-जळगावात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला की दुपारी बारा ते पाच गावात कुत्रं दिसत नाही. मे २०२४ च्या अखेरीस तर जळगाव जिल्ह्यात उष्णतेच्या लाटेमुळे १४४ कलम लावलं होतं, भर दुपारी मजुरांकडून उघड्यावर काम करून घ्यायचं नाही म्हणून. जमावबंदीचं कलम उन्हासाठी! याहून सरकारी पद्धतीने दोन जीवांना छपराखाली कोण ढकलणार?

आता पाऊस आणि ऊन यातला फरक बघा. पावसात अडकलेले दोघं सकाळपर्यंत हलूच शकत नाहीत, म्हणजे थांबतात त्यात त्यांचं कर्तृत्व काय? जुना_पडदा म्हणतात तेच. पण ऊन रोज संध्याकाळी सोडून देतं. पाचनंतर दोघं आपापल्या घरी जाऊ शकतात, आणि जातात. प्रश्न असा की दुसऱ्या दिवशी बाराच्या ठोक्याला तो पुन्हा तिथेच का येतो? गावात दुसरी सावली नाही का? असेल की. पहिल्या दिवशी ऊन आणतं, दुसऱ्या दिवशी कूलर आणतो, तिसऱ्या दिवशी त्याला स्वतःलाच सांगता येत नाही. प्रेक्षकांना मात्र कळलेलं असतं.

आणि वहिनींच्या प्रश्नाचंही उत्तर यातच आहे. मे महिन्यात आपल्याकडे कोणाचं तोंड कोणाला दिसतं? पोरींचे स्कार्फ डोळ्यांपर्यंत, वर गॉगल, हातात मोजे. पुरुषांचा बागायती रुमाल असा गुंडाळलेला की सख्खा भाऊ बाजूने गेला तरी कळत नाही. अख्खा जिल्हा दरोडेखोरांसारखा फिरतो. तुम्हाला अनोळखी माणसं हवी होती ना?

भालोदची_वहिनी

अगं बाई! हे मला सुचायला हवं होतं.

पाचोऱ्याचा_पक्या

पण उन्हात रोमान्स? पावसात भिजलेली हिरॉइन दिसते. उन्हात काय दिसणार, घामोळ्या?

वाळवण_गच्चीवरचं

विनोदी लिहायचंय ना? मग घामोळ्यांसारखी गोष्ट नाही. तो बोलता बोलता पाठ दाराच्या चौकटीला घासतो, तिला वाटतं हा लाजतोय.

केळीवाला_रावेर

बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज राहवलं नाही.

आमच्या पट्ट्यात हवामानावर माणसं हसतात कमी आणि भांडतात जास्त. मे-जूनमध्ये वादळी वारा सुटला की अर्ध्या तासात केळीच्या बागा झोपतात. निसवलेली नवती, म्हणजे नव्या लागवडीची केळी, घड लागलेली, सगळी एका दिशेला आडवी. वर्षभराचं पाणी, खत, मजुरी जमिनीवर. रावेर-यावलकडे हे दर दोन-तीन वर्षांनी कुठल्या ना कुठल्या शिवारात होतंच.

त्यात हवामानावर आधारित फळपीक विमा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. या योजनेत गारपीट, वेगाचा वारा, थंडीत पारा फार खाली जाणं आणि उन्हाळ्यात फार वर जाणं, असे धोके धरलेले असतात. थंडी आणि उन्हाला भरपाई मिळते ती महसूल मंडळातल्या स्वयंचलित हवामान केंद्रावर काय नोंद झाली त्यावर. पारा ठरलेल्या आकड्यावर सलग ठरलेले दिवस राहिला पाहिजे. मध्ये एक दिवस जरी खाली आला तर साखळी तुटली. तुमच्या बागेत पानं करपलेली असोत, केंद्र म्हणालं नाही, म्हणजे नाही.

म्हणून आमच्याकडे मे महिन्यात एक विचित्र दृश्य दिसतं. ऊन नको म्हणून देवाला हात जोडणारा माणूसच मोबाइलवर आजचा आकडा बघतो आणि आकडा कमी आला तर चिडतो. बाग तर गेलीच आहे, निदान नोंद तरी होऊ दे.

मला वाटतं तुमचा हिरो हे केंद्र तपासायला, दुरुस्त करायला येणारा पोरगा असावा. आणि ती बागायतदाराची मुलगी. अनोळखी राहायचं कारण यातच आहे: गावाला कळलं की हाच तो यंत्रवाला, तर त्याला चहासुद्धा मिळणार नाही. उलट प्रत्येक जण बाजूला घेऊन विचारेल, "भाऊ, थोडा वर नाही का करता येत आकडा?"

जुना_पडदा

केळीवाले, तुम्ही या धाग्याचं सोनं केलंत. इथे हवामान नेपथ्यात नाही, दोघांच्या भांडणातच बसलंय. सगळं गाव वाईट हवामान यावं म्हणून बसलेलं, ही कल्पना मी तरी या प्रकारात कुठे पाहिलेली नाही.

चाळीसगावचा_चहा

मी पुन्हा तोच खडा टाकतो, रागावू नका. दरडीला हसू येत नाही, तर करपलेल्या केळीला येईल का? बापाची बाग गेली आहे आणि मुलगी कूलरसमोर लाडिक भांडण करतेय, हे मला रुचणार नाही.

केळीवाला_रावेर

प्रश्न बरोबर आहे. पण लाडिक नाही हो, खरं भांडू द्या तिला. आमच्याकडच्या मुली विम्याचे कागद बापापेक्षा नीट समजून बसलेल्या असतात. सातबारा, पावती, अर्ज, सगळ्या फाइली त्यांच्याकडे. तिला फक्त राग द्या, रडू देऊ नका. दुःख आम्ही घरी करतो, चारचौघांत आम्ही बऱ्यापैकी विनोदी असतो. गारपीट झाल्यावर बांधावर उभा राहून आमचा शेजारी म्हणाला होता, "बरं झालं, बर्फाचा खर्च वाचला." त्या वर्षी त्याने दुसरं काहीही वाचवलेलं नव्हतं.

आणि पूर्ण बाग जाऊ द्यायचीच कशाला? पिलबाग, म्हणजे जुन्या खुंटाच्या पिलांवर धरलेली बाग, करपली, नवती वाचली. तेवढं नुकसान नाटकाला पुरतं.

चाळीसगावचा_चहा

हे पटलं. खडा मागे.

एरंडोलची_लेक

अरे देवा, मी दोन दिवस आले नाही तर इथे माझी एकांकिका उभी राहिलेली! नवापूरचा बाक फार आवडलाय, तो पुढच्या वर्षासाठी राखून ठेवते (नवापूरकर, दुसऱ्या कोणाला देऊ नका).

तर आता कागदावर असं आहे.

जागा: रावेरकडच्या एका गावातलं ऑनलाइन सुविधा केंद्र. सातबारा, पीकविमा, झेरॉक्स, पासपोर्ट फोटो, मोबाइल रिचार्ज. गावातला एकमेव चालू कूलर तिथे. काळ आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आसपासचा, म्हणजे सासरी दिलेल्या लेकी माहेरी आलेल्या. झोके बांधलेत, पण दुपारी झोक्यावर बसणं शक्य नाही, म्हणून त्या सगळ्या काही ना काही झेरॉक्स काढायच्या निमित्ताने कूलरसमोर. केंद्र ती चालवते.

पहिला प्रवेश बाहेर, पडद्यापुढेच. हवामान केंद्राच्या कुंपणाशी ती आणि तो. दोघांची तोंडं गुंडाळलेली. ती त्याच्या यंत्राला शिव्या देते, तो तिला "कुंपणाला हात लावू नका" म्हणतो. जोरदार वाजतं. मग ऊन चढतं, तो सावली शोधत नेमका तिच्याच केंद्रात शिरतो आणि रुमाल सोडतो. ती ओळखत नाही. तो ओळखतो, कारण तिच्या टेबलावर तोच गॉगल. आता त्याला खोटं बोलावं लागतं. काय सांगेल? मी "कूलर दुरुस्तीवाला" धरलंय.

रोज पाऱ्याचा आकडा येतो, गाव टाळ्या वाजवतं, आणि तो एकटा घाबरतो, कारण साखळी पूर्ण झाली की त्याचं काम संपलं आणि तो निघाला.

शेवट अजून नाही.

शेवभाजी_जहाल

कूलर दुरुस्तीवाला!! म्हणजे त्याला तो रोज थोडा बिघडवून ठेवावा लागणार.

भालोदची_वहिनी

आणि माहेरवाशिणी त्याचं नातं काढायला बसणार. कूलरवाला कोणत्या गावचा, कोणाकडचा. तो घाबरून रोज वेगळं गाव सांगतो. पहिल्या दिवशी शिरपूर, दुसऱ्या दिवशी शहादा, तिसऱ्या दिवशी पारोळा. आणि त्या बायकांचं प्रत्येक गावात कोणीतरी निघतंच. शेवटी त्याचे तिन्ही गावांत नातेवाईक तयार होतात आणि एकीच्या हिशोबाने तर त्याचं लग्न झालेलं असतं. मी स्वतः हे काम करायला तयार आहे, तालमीला येईन.

साक्रीचा_सद्या

अवांतर पण महत्त्वाचं: हा पोरगा साक्री-पिंपळनेरकडचा करा. तो अहिराणी बोलेल, तिकडे रावेरला लेवा गणबोली. "मी आठे काम करी ऱ्हायनू" असं तोंडातून निसटलं की बायांना लगेच दिशा कळणार. मग त्याने शिरपूर सांगो की पारोळा. बोली नीट ठेवा बरं का, दोन्हीकडचे प्रेक्षक दगड घेऊन बसतात.

तिसरी_घंटा

एक शंका. तोंड झाकलेलं असलं तरी आवाज ओळखू येणार ना? कुंपणाशी एवढं भांडल्यावर?

वाळवण_गच्चीवरचं

पत्र्याचा जुना कूलर ऐकलाय का कधी? त्याच्यासमोर बसून नवरा-बायकोला एकमेकांचं ऐकू येत नाही, म्हणून तर संसार टिकतात. सगळी पात्रं ओरडूनच बोलतील. आणि ज्या क्षणी लाइट जाते, कूलर थांबतो, तेव्हा पहिल्यांदा त्याचा खरा आवाज खोलीत ऐकू येतो. त्याचं वाक्य अर्धं राहिलेलं असतं. तिथे ती ओळखते.

जुना_पडदा

वा. हा प्रवेश कोणी लिहिणार नसेल तर मी लिहितो.

खवय्या_अमळनेर

खाण्याचं बघा. वरती कोणीतरी भरीत खाऊ घालायच्या गोष्टी केल्यात. मे महिन्यात भरीत नको. ते थंडीचं. आखाजीला पुरणपोळी आणि आमरस, खापरावरचे मांडे. बायका डब्यातून बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, आणतील. तहानेला कैरीचं पन्हं. आणि हिरोच्या खिशात कांदा असू द्या, ऊन लागू नये म्हणून आईने दिलेला. तिला वास येतो, पण कशाचा ते कळत नाही, हे चार-पाच वेळा काढता येईल.

पाचोऱ्याचा_पक्या

शेवट मी सांगतो. साखळीचा शेवटचा दिवस, आणि दुपारी आभाळ भरून येतं. गारवा सुटतो. पारा खाली. गावाची भरपाई गेली, पण तो थांबतो. दोघं पावसात...

केळीवाला_रावेर

नको. पाऊस आला, त्यांचं जमलं आणि आमची भरपाई गेली, तर आमचा प्रेक्षक शेवटी टाळ्या वाजवणार नाही. उठून जाईल. भरपाई झालीच पाहिजे.

एरंडोलची_लेक

म्हणजे ऊन जिंकलं पाहिजे. मग तो जातो, त्याचं थांबायचं कारण संपलं...

भालोदची_वहिनी

तो जातो. आणि दुसऱ्या दिवशी बारा वाजता परत येतो. आता ना काम, ना यंत्र, ना खोटं गाव. सगळ्या बाया बघताहेत. ती विचारते, "आता काय हवंय?" तो म्हणतो, "झेरॉक्स." हातात एकही कागद नाही. एवढ्यावर पडदा टाक. पुढचं आम्ही बायका बघून घेऊ.

जुना_पडदा

वसंतसेना उलटी केलीत वहिनी. दुर्दिन संपल्यावर येणारा नायक. मान गये.

नवापूरकर

माझा बाक पुढच्या वर्षी नक्की ना?

एरंडोलची_लेक

नक्की. पहिला खर्डा या आठवड्यात इथेच टाकते, साक्रीच्या सद्याने अहिराणी आणि केळीवाल्यांनी विमा तपासायचा. आता एकच अडचण: जुना, पत्र्याचा, भरपूर आवाज करणारा कूलर कोणाकडे आहे का? भाड्याने मिळतात ते सगळे नवे प्लास्टिकचे, त्यांचा आवाजच येत नाही.

वाळवण_गच्चीवरचं

आमच्या गच्चीवर पडलाय. पंखा जाळीला घासतो, गवत गेलंय, हवा अजिबात येत नाही. आवाज मात्र गल्लीच्या टोकापर्यंत. न्यायला टेम्पो तुमचा, आणि नाटक झाल्यावर परत आणून द्यायचा नाही.